डावीकडची तिसरी सीट

बोलायला नको होतं, हे तराजूकाकांना बोलून झाल्याबरोबर कळलं. पण त्याला आता काही इलाज नव्हता. त्यांची जीभ आणि त्यांची अक्कल यांची गाठ नेहमी अशीच उशिरा पडायची.

झालं होतं एवढंच, की जुन्या बसडेपोच्या शेडमध्ये वाहतूक संग्रहालय उघडलं होतं आणि ज्येष्ठांना तिथे फुकट सोडत होते. फुकट दाखवतात ते बघून न येणं म्हणजे काकांच्या मते सरकारच्या तोंडावर दार आपटण्यासारखं होतं. म्हणून एका रविवारी ते काकूंना घेऊन गेले. शेडमध्ये शहरातल्या जुन्या बस ओळीनं उभ्या होत्या, रस्त्यावर धावत होत्या तेव्हा जन्मात कुणी पुसल्या नसतील इतक्या लख्ख पुसलेल्या. त्यातल्या एका निळ्या बसमध्ये चढून आतून फिरायची मुभा होती. आत सगळं जिथल्या तिथे होतं. कंडक्टरची घंटा होती, तिची दोरी होती, धावत्या गाडीतून उतरू नये ही सूचना होती. फक्त डावीकडे तिसऱ्या रांगेत सीटच नव्हती. तिथे जमिनीला बोल्टची चार भोकं होती आणि एक छोटी पाटी होती : 'या जागेवरील मूळ आसन उपलब्ध नाही.'

काकांनी पाटी वाचली. वाकून भोकं पाहिली. वितीनं त्यांच्यातलं अंतर मोजलं, बसच्या अंगावरचा नंबर आठवून पाहिला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उपलब्ध नाही म्हणजे काय? आमच्या बाल्कनीत आहे ती."

बसमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्यांच्यात संग्रहालयाच्या प्रमुख बाई होत्या, पाहुण्यांना बस दाखवत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि काकांना विचारलं की आपण ती संग्रहालयाला देणार का. अशा वेळी, चारचौघांत, नवीन इस्त्रीचा शर्ट अंगात असताना, माणूस नाही म्हणेल तर तो माणूस कसला. काका म्हणाले, अवश्य, सार्वजनिक ठेवा आहे तो. हे शब्द आपल्या तोंडात कुठून आले, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी नोकरी दुकानदारांच्या तराजूखाली हात घालून बघण्यात गेली, म्हणून इमारतीतले लोक त्यांना तराजूकाका म्हणायचे. हे नाव आपल्याला आवडत नाही असा काका आव आणायचे, आणि कुणी नुसतं 'काका' म्हणून हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. दिलेला शब्द आणि मारलेला शिक्का मागे घ्यायचा नाही, एवढं एकच तत्त्व त्यांनी नोकरीतून घरी आणलं होतं. बाकीची तत्त्वं खात्यातच राहिली.

आता ही सीट त्यांच्या बाल्कनीत आली कशी, तर ती काकूंच्या माहेरची. काकूंचे थोरले भाऊ डेपोत मेकॅनिक होते. ती बस सेवेतून काढली तेव्हा त्यांनी लिलावात ही सीट घेतली आणि नवीन संसाराला सोफा नाही म्हणून बहिणीला आणून दिली. बसचा नंबर सीटच्या पोटाशी रंगवलेला होता आणि झाडू मारताना रोज दिसायचा. घरात तिला बाकडं म्हणत. पुढे सोफा आला, दुसरा सोफा आला, पण बाकडं बाल्कनीतच राहिलं.

आणि खरं सांगायचं तर सगळं घर त्या बाकड्यावर चालत होतं. रोज संध्याकाळी काका आणि काकू चहाचे कप घेऊन तिथे बसायचे, काकू खिडकीच्या बाजूला, म्हणजे ग्रिलच्या बाजूला, आणि काका मोकळ्या बाजूला. दोघांची तोंडं एकाच दिशेला, समोरच्या पाण्याच्या टाकीकडे. मुलीचं लग्न त्या बाकड्यावर ठरलं. काकांची बढती तिथे हुकली आणि तिथेच पचली. या दोघांचं असं होतं, की समोरासमोर बसले की तिसऱ्या वाक्याला खटका उडायचा आणि शेजारी बसले की तास कसा गेला ते कळायचं नाही. दिवसभर काका एक काहीतरी मनात धरून ठेवायचे आणि संध्याकाळी टाकीकडे बघत बघत सांगून टाकायचे. तो एक तास गेला तर आपल्याकडे उरतं काय, हा प्रश्न त्यांना बसच्या पायरीवरून खाली उतरता उतरताच पडला.

परतीच्या वाटेवर ते काकूंच्या बोलण्याची वाट बघत होते. काकू नुसतं 'अहो, कशाला' एवढं म्हणाल्या असत्या तर काका त्याच पावली मागे फिरले असते आणि बाईंना सांगितलं असतं, घरच्यांचा विरोध आहे, माझा नाइलाज आहे. नवऱ्याची अब्रू राखायला बायकोच्या विरोधासारखी दुसरी सोय नाही. पण काकू रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. घर आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, "बरं झालं. जागा होईल."

काकांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तसं 'ते धूड काढा एकदा इथून' हे काकू फरशी पुसताना म्हणायच्याच, पण फरशी पुसताना त्या काकांनाही तसंच म्हणायच्या. ते कुणी मनावर घेत नसे. आता मात्र काकांनी मनावर घेतलं. हिला जर बाकड्याची कटकट झाली असेल, तर आपण का म्हणून गळ्यात पडायचं? दिला शब्द तर दिला.

शब्द देणं सोपं होतं, सीट देणं नव्हतं. बाईंनी निरोप पाठवला की वस्तू मूळ वाहतूक खात्याची, तेव्हा त्यांची हरकत नाही असं त्यांच्याकडून आणा. हे ऐकून काकांना इतका आनंद झाला की त्यांनी दोनदा चहा घेतला. सरकारी कचेरीतून हरकत नाही असं आणायचं म्हणजे बाकडं आपल्या हयातीत हलत नाही. ते मोठ्या उत्साहानं कचेरीत गेले.

तिथल्या कारकुनानं सांगितलं की आमच्या नोंदीप्रमाणे त्या बसचं ते आसन नष्ट केलेलं आहे. जे नाही त्याला हरकत कशी घेणार, आणि जे नाही त्याला हरकत नाही असं तरी कसं लिहून देणार? काका म्हणाले, मग मी रोज बसतो कशावर? कारकून म्हणाला, ते तुम्ही बघा.

इथे गप्प बसून घरी आले असते तर प्रकरण मिटलं असतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांना खोटं पाडलेल्या माणसाला एका कारकुनानं, तेही वर न बघता, तुमचं बूड हवेत आहे असं सांगावं, हे काकांना सहन होईना. घरी येऊन त्यांनी तळमजल्यावरच्या वकिलांचा सल्ला घेतला. वकील वकिलीतून निवृत्त झाले होते, सल्ल्यातून झाले नव्हते. ते म्हणाले, आसन नष्ट झालं नाही असं म्हणालात तर ते खात्याचं ठरेल आणि तुम्ही इतकी वर्षं ते विनापरवाना वापरलं असं होईल. नष्ट झालं असं म्हणालात तर तुम्ही भ्रमिष्ट ठराल. दोन्हींपैकी भ्रमिष्ट बरं, त्याला शिक्षा नाही. मग पावतीचा विषय निघाला. काकूंच्या भावांना फोन लावला. ते परगावी मुलाकडे असत आणि फोनवर त्यांना फक्त स्वतःचं बोलणं ऐकू यायचं. त्यांनी गुडघ्याची हकीकत सांगितली, सगळ्यांना आशीर्वाद दिले आणि फोन ठेवला.

काका हट्टाला पेटले. मनातून दर वेळी वाटायचं की आता कुणीतरी ठामपणे नाही म्हणेल आणि आपण सुटू. आणि कुणी नाही म्हटलं रे म्हटलं की त्यांच्यातला निरीक्षक उठून उभा राहायचा आणि त्या माणसाला नमवल्याशिवाय खाली बसायचा नाही. असा सगळा घोळ होता. ते पोलादी टेप घेऊन संग्रहालयात गेले, भोकांची मापं घेतली, घरी येऊन बाकड्याच्या पायांची घेतली आणि ती सुताला सूत जुळतात हे कारकुनाच्या वरच्या साहेबांच्या टेबलावर सिद्ध करून दाखवलं. साहेब इतके कंटाळले की त्यांनी 'नष्ट झालेले आसन देणगी म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही' असं लिहून दिलं. काका विजयी मुद्रेनं बाहेर आले, जिना उतरले आणि खालच्या पायरीवर मटकन बसले. आपण काय जिंकलो हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

घरी आल्यावर ते म्हणाले, मिळाली परवानगी. काकू म्हणाल्या, "तुम्ही मनावर घेतलं की होतंच." आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच जोरात लावायला लागल्या. काकांनी त्याचा अर्थ असा लावला की बाकड्यामागची जागा घासायची तिला घाई झाली आहे.

आता शेवटची आशा ग्रिलवर होती. बाकडं आलं तेव्हा बाल्कनीला ग्रिल नव्हती आणि आतल्या दारात फ्रीज नव्हता. कुठूनही ते बाहेर निघणार नाही हे उघड दिसत होतं. पण वरच्या मजल्यावरच्या कंत्राटदाराला 'निघणार नाही' हे शब्द ऐकवत नसत. त्यानं ग्रिलचा एक कोपरा कापायचा, दोर बांधायचा आणि बाकडं बाहेरून खाली सोडायचं असं ठरवूनच टाकलं. काका म्हणाले, ग्रिल कापायची म्हणजे जरा विचार करायला हवा. कंत्राटदार म्हणाला, विचार तुम्ही करा, तोवर आम्ही कापतो.

बाकडं दोरावर लोंबकळत निघालं आणि पहिल्या मजल्यावर अडकलं. तिथे निवृत्त नर्सबाई राहायच्या. कंत्राटदाराची माणसं जेवायची वेळ झाली म्हणून बाकडं त्यांच्या बाल्कनीच्या कठड्यावर टेकवून, दोर वर गच्च बांधून निघून गेली. जेवून परत येईपर्यंत नर्सबाईंनी त्यावर उशांचे अभ्रे वाळत घातले होते आणि त्या काकांना म्हणाल्या, राहू द्या ना हो, चांगलं ऊन लागतं इथे. काकांना वाटलं, द्यावं यांनाच. निदान इमारतीत राहील, कधी जिन्यात भेट होईल. पण खाली सगळी इमारत बघायला जमली होती, संग्रहालयाचा टेम्पो उभा होता आणि वकील लोकांना सांगत होते की हे आसन कायद्यानं अस्तित्वात नाही. काकांनी हात वर करून इशारा दिला आणि बाकडं खाली गेलं.

दोघं टेम्पोमागोमाग संग्रहालयात गेले, तर तिथे वेगळीच भानगड. मूळ आवरण कुठे आहे, असं बाईंनी विचारलं. बाकड्यावर इतक्या वर्षांत काकूंनी काय काय चढवलं होतं, त्याचा हिशोब कुणाला होता? कारागिरानं खिळे उपटायला सुरुवात केली. वरचं तपकिरी रेक्झिन निघालं. त्याखाली मुलीच्या शाळेच्या गणवेशातून उरलेलं चौकटीचं कापड निघालं. त्याखाली पहिल्या घरातल्या पडद्याची फुलं, इतकी फिकी की फुलं आहेत हे काकूंनाच सांगावं लागलं. आणि सगळ्यात खाली ते बसचं हिरवं आवरण, एका कोपऱ्याला दोरा निघालेलं, बाकी धडधाकट. बाईंना आनंद झाला. कारागीर निघालेली कापडं कचऱ्याच्या डब्याकडे नेत होता, ती काकूंनी त्याच्या हातातून घेतली, एकावर एक घडी घातली आणि पिशवीत भरली. काकांनी विचारलं, या चिंध्या कशाला? काकू म्हणाल्या, पुसायला होतील. नंतर एकदा काकांना त्या कपाटात, चांगल्या कपड्यांच्या खाली, घडी घालून ठेवलेल्या दिसल्या. हिला फडकी साठवायची सवयच आहे, असं म्हणून त्यांनी कपाट लावून टाकलं. वजनात गुंजभराचा फरक हाताला कळणाऱ्या माणसाला काही काही गोष्टी मुळीच कळत नाहीत, त्याला काय करणार.

बाकडं गेलं आणि जागा झाली. इतकी जागा झाली की काय करावं कळेना. काकांनी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. पण बाल्कनी अरुंद, खुर्च्यांना हात, त्यामुळे त्या शेजारी मावेनात. समोरासमोर ठेवल्या तर गुडघ्याला गुडघे लागत. पहिल्याच संध्याकाळी चहा पिता पिता काका म्हणाले, साखर कमी आहे. काकू म्हणाल्या, तुमची जास्त झालीय म्हणून कमी आहे. काका म्हणाले, हे बोलून दाखवायची काही गरज होती? तिसरं वाक्य होतं ते. त्यानंतर काकू चहा आत घ्यायला लागल्या आणि काका हॉलमध्ये, बातम्या लावून. दिवसभर मनात धरलेली गोष्ट रात्रीपर्यंत मनातच राहायची आणि सकाळपर्यंत शिळी व्हायची. काका वाळत चालले. इमारतीतले लोक म्हणायचे, दानशूर माणूस, घरातली वस्तू काढून दिली, आणि काका कसनुसं हसायचे.

मग समारंभाचं बोलावणं आलं. सीट बसमध्ये बसवून झाली होती आणि वाहतूक खात्याचे सगळ्यात वरचे मोठे साहेब येऊन ती जनतेला अर्पण करणार होते. काका नवीन शर्ट घालून गेले. पितळी पाटीवर आपलं नाव कसं दिसेल याचा त्यांनी मनाशी पुष्कळ विचार केला होता, कारण एवढं सगळं गमावल्यावर निदान नाव तरी हवं. पाटीवर लिहिलं होतं : 'एका ज्येष्ठ नागरिकाकडून प्राप्त.' देणगीदारांची नावं घालायची नाहीत असा नियम होता. काकांनी ती पाटी दोनदा वाचली आणि चष्मा खिशात ठेवून दिला.

निळ्या बसमध्ये आता ड्रायव्हरच्या जागी एक पुतळा बसवला होता, मिशीचा आणि टोपीचा. बाईंनी सांगितलं की प्रवाशांचेही दोन पुतळे मंजूर आहेत, ते याच सीटवर बसायचे आहेत, पण अजून निविदा निघाली नाही आणि साहेब त्यावरून प्रत्येक बैठकीत बोलतात. साहेबांना यायला उशीर होता. बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, एकदा दोरी लावली की यावर कुणालाच बसता येणार नाही, तेव्हा तुम्ही दोघं शेवटचं बसून घ्या. आणि त्या साहेबांची वाट बघायला फाटकाशी गेल्या.

काकू सवयीनं खिडकीशी सरकल्या. काका सवयीनं मोकळ्या बाजूला टेकले. समोर पाण्याची टाकी नव्हती, पुढच्या सीटची पाठ होती, पण दोघांची तोंडं एका दिशेला होती, तेवढं पुरलं. काकू बोलायला लागल्या. मुलीच्या घरचा नळ गळतो इथपासून सुरुवात झाली आणि नर्सबाईंच्या भावाचं ऑपरेशन, कंत्राटदारानं कापलेली ग्रिल, आपल्याला हल्ली झोप लागत नाही, असं सगळं धो धो बाहेर आलं. काका ऐकत होते. इतक्या दिवसांत त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मग काकू एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला एवढं नकोसं झालं होतं का हे बाकडं?"

"मला?" काका म्हणाले. "जागा होईल असं तूच म्हणालीस."

"मग काय म्हणणार होते? भर बसमध्ये तुम्ही देऊन मोकळे झालात. माझ्या भावानं दिलेली वस्तू, मीच कशी देऊ नका म्हणू? मला वाटलं, निदान आठ दिवसांनी तुम्हाला वाईट वाटेल. तर तुम्ही टेप घेऊन कचेऱ्या पालथ्या घालत होता."

"अगं, मी कुणीतरी नाही म्हणेल म्हणून जात होतो."

"आणि कुणी नाही म्हटलं की भांडत होता."

काकांनी पुढच्या सीटच्या दांडीवरून बोट फिरवलं. शेवटी ते म्हणाले, "मला रोज संध्याकाळी कसं व्हायचं, तुला सांगता येत नाही. सांगायचं कुठे बसून, तेच नव्हतं."

काकूंनी पदरानं नाक पुसलं. दोघं सुन्न होऊन समोर बघत राहिले, मांडीवर हात ठेवून, अगदी न हलता. आणि नेमके तेव्हाच मोठे साहेब आले, बसला बाहेरून फेरी मारत खिडकीशी थांबले आणि आत बघून म्हणाले, "वा. बसवले वाटतं शेवटी प्रवासी?"

बाईंनी तोंड उघडलं. पण इतक्या बैठकांनंतर साहेबांच्या तोंडून पहिल्यांदाच चांगला शब्द निघत होता, त्यामुळे ते उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं. साहेब काच वाजवून म्हणाले, यातल्या बाईचा चेहरा उत्तम आला आहे, रडू येऊन गेल्यासारखा, मोठं काम आहे हे. पुरुषाचे कान मात्र जरा मोठे झाले. शिवाय शर्ट फार नवा वाटतो, जुना घाला. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात त्यांच्या कानांबद्दल कुणाची बोलायची हिंमत झाली नव्हती. ते उसळून उठणार, तेवढ्यात काकूंनी बाहेरून दिसणार नाही अशा बेतानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. काका बसून राहिले. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. साहेब म्हणाले, हे असेच राहू द्या, आणि चहाच्या टेबलाकडे गेले.

साहेबांची गाडी गेल्यावर बाई धावत बसमध्ये आल्या आणि माफी मागायला लागल्या. काकूंनी त्यांना सरळ सांगितलं की आमचं बाकडं आम्हाला परत हवं आहे. बाईंचा चेहरा पडला. एकदा नोंद झालेली वस्तू बाहेर काढायची तर तीन समित्या बसतात, म्हणाल्या, आणि त्यातली एक अजून नेमलेलीच नाही. शिवाय साहेब पुढच्या आठवड्यात पाहुणे घेऊन येणार आहेत, आणि त्यांना इथे प्रवासी दिसले नाहीत तर माझी धडगत नाही. मग त्या काकांकडे बघत राहिल्या आणि काका त्यांच्याकडे. या खेपेला काकांनी बोलायच्या आधी काकूंकडे वळून पाहिलं. काकू म्हणाल्या, "चहा मिळेल का इथे?"

तेव्हापासून संध्याकाळी संग्रहालय बंद व्हायच्या आधीचा तास ते दोघं तिथे असतात. निविदा निघाली नाही असं नाही, निघाली आहे. पुतळ्यांचे नमुने येतात आणि बाई ते तपासायला काकांकडे देतात, कारण मापाच्या बाबतीत त्यांच्याइतका जाणता माणूस शहरात नाही. काका टेप लावतात. एकाचा खांदा बारीक निघतो, एकाची मान लांब, आणि कान तर कुणाचेच बरोबर नसतात. प्रत्येक नमुना ते सविस्तर कारण देऊन परत पाठवतात. शिक्का मागे घ्यायचा नाही हे त्यांचं तत्त्व तसंच आहे, फक्त आता ते नकाराचा शिक्का मारतात आणि रात्री त्यांना छान झोप लागते.

लोक येतात, दोरीशी उभे राहून बघतात आणि पुढे जातात. माणसं जवळ आली की काका आणि काकू बोलायचे थांबतात आणि समोर बघतात. मागच्या रविवारी एक जोडपं बराच वेळ उभं होतं. बायको नवऱ्याला म्हणाली, बघा, किती छान बसवलेत, खरी माणसं अशी बसतात का कधी. नवऱ्याला कानांचं कुतूहल वाटलं. ते रबराचे आहेत की मेणाचे, हे बघायला तो दोरीवरून वाकला आणि त्यानं बोट पुढे केलं.

"हात लावू नका," काकू समोरची नजर न हलवता म्हणाल्या.

तो माणूस मागच्या सीटच्या दांडीला धरून उभा राहिला, मग बायकोसकट झपाझप खाली उतरला. त्यांची पावलं शेडच्या दारापर्यंत जाईतो काकू थांबल्या, मग पाय जरा सैल करून काकांच्या बाजूला टेकल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "तर मी काय सांगत होते तुम्हाला?"